सायकली सात, चालवणारा एक

पत्र

ताई, नमस्कार.

मी ५२ वर्षांचा. आर्वी तालुक्यातल्या एका लहान गावात राहतो. आर्वीला एका दुकानात हिशेब लिहायला जातो. गावापासून ९ किलोमीटर, डांबरी रस्ता. वावर ३ किलोमीटरवर, पांदणीच्या वाटेनं. सायकलींचं वेड मला लहानपणापासूनचं, आणि आज घरी सात झाल्या आहेत. वडिलांची २४ इंची काळी ॲटलस, रॉड ब्रेकची. ते तीन वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून मी ती झाकून ठेवली आहे, कुणाला हात लावू देत नाही. मुलीची शाळेच्या योजनेतून आलेली लेडीज सायकल. मुलगी आता अमरावतीला शिकते. नागपूरहून आणलेली २१ गिअरची हायब्रिड. जाड टायरची, पुढंमागं दोन्हीकडे सस्पेन्शनवाली एक. पुण्याच्या मावसभावानं दिलेली, खाली वळलेल्या हँडलची रेसिंग. मुलाची २० इंची, तो आता १५ वर्षांचा आहे. आणि भंगारातून वजनावर घेतलेली एक जुनी फ्रेम, तिची सायकल करायची राहूनच गेली. खरं सांगतो, हवा दोघींतच आहे, हायब्रिडमध्ये आणि जाड टायरवालीत.

अक्षय तृतीयेनंतर गुरांचा जुना कोठा पाडून तिथं खोली बांधायची आहे. सायकली कोठ्यातच असतात. पुढं ओसरीच्या टोकाला जेमतेम तीन उभ्या राहतील. बायको म्हणते, ‘तीन ठेवा. चौथी दिसली तर मी सोताच भंगारवाल्याले हाक मारतो.’ तिचंही चुकत नाही. बचत गटाच्या कामानं ती ४ किलोमीटरवरच्या बँकेत पायी जाते, आणि घरी आली की माझ्या सायकलींतून वाट काढत कोठ्यात शिरते. पण मला एकही सोडवत नाही. ॲटलस कंपनी बंद पडली म्हणतात, मग वडिलांच्या सायकलीचे भाग मिळतील का? रेसिंग सगळ्यात महागाची, ती काढणं बरोबर होईल का? कोणत्या तीन ठेवू?

— एक सायकलवेडा

उत्तर

भाऊ, तुमच्या पत्रातली दोन वाक्यं तुम्ही ओघात लिहून गेलात, पण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यांतच आहे. एक, हवा दोघींतच आहे. दुसरं, वहिनी बँकेत पायी जातात. सात सायकलींच्या घरातली बाई जाऊन-येऊन ८ किलोमीटर पायी चालते, तेही आपल्याकडच्या उन्हात. म्हणून ‘कोणत्या तीन ठेवू’ याआधी मी तुम्हाला एक विचारते: घरात सायकलीनं होण्याजोगी कामं किती, आणि ती कुणाची?

तुमच्याच पत्रातून ती वेचली तर चार निघतात. तुमचं आर्वीचं रोजचं जाणं-येणं. वावरात जाणं, तेही बहुतेक वेळा काहीतरी लादून. वहिनींची बँक, दळण, बाजार. आणि मुलाचं गावातलं हिंडणं-फिरणं. रविवारी तुम्ही दोन-चार जण मिळून वर्धा नदीकडे, कौंडण्यपूरला वगैरे जात असाल तर ते पाचवं धरा. यातल्या प्रत्येक कामापुढं एकेक सायकल लिहून काढा. जिच्यापुढं काम येणार नाही, ती कितीही महागाची असो की मायेची, तिची घरातली जागा गेली असं समजा. किमतीवरून ठरवायला बसलात तर रेसिंग राहील आणि लेडीज जाईल, आणि तुमच्या घरासाठी ते साफ उलटं होईल.

आता एकेक घेते. सुरुवात लेडीज सायकलीपासून.

विदर्भातल्या बऱ्याच तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळाल्या. शाळा लांब म्हणून पोरीचं नाव काढू नये, हा त्यामागचा विचार. मुलगी बारावी होऊन पुढं शिकायला गेली की अशी सायकल कोठ्यात जाते आणि तिच्यावर पऱ्हाटीचे भारे पडतात, हे मी किती घरांत पाहिलं आहे. तुमच्या घरातली ती सायकल बहुधा वहिनींच्या उंचीला बसेल. मधला दांडा खाली वाकलेला, म्हणजे लुगडं-साडी सांभाळत चढता-उतरता येतं. चेनवर पूर्ण कव्हर असतं आणि मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी असते, म्हणजे पदर आणि निऱ्या चाकात जात नाहीत. ही दोन्ही जागेवर आहेत का ते आधी बघा. पुष्कळदा चेनकव्हर खडखडतं म्हणून मुली काढून टाकतात. नसेल तर बसवून घ्या, कारण साडी चेनमध्ये अडकली की बाई थेट रस्त्यावर पडते, आणि त्यानंतर सायकलीला हात लावत नाही.

माहेरी वहिनी सायकल चालवत होत्या का, ते तुम्ही लिहिलं नाही. विचारून बघा. चालवत असतील तर तोल कुठं गेलेला नसतो, आठवडाभर सकाळी शाळेच्या मैदानात फिरवली की परत येतो. सुरुवातीला सीट इतकी खाली घ्या की बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकतील. भीती गेली की हळूहळू वर न्या. सीटची खरी उंची ओळखायची सोपी रीत अशी: पायडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ झाला पाहिजे. खालच्या सीटवर बसून ४ किलोमीटर गेलं तर गुडघे धरतात, आणि बाया म्हणतात की वय झालं. बहुतेक वेळा दुखण्याचं कारण सीटच असतं.

पण एक लक्षात ठेवा, ती सायकल मुलीची आहे. तुमची नाही, वहिनींचीही नाही. अमरावतीला फोन लावा आणि सरळ विचारा. कदाचित तिला ती तिकडं कॉलेजात न्यायची असेल. ते होऊ शकतं, आणि तसं असेल तर ते पहिलं.

आता वडिलांची ॲटलस. या सायकलीवर मला जरा थांबायचं आहे, कारण मन तिच्यातच अडकलं आहे हे पत्रातून कळतं.

ती ठेवा, यात मला शंका नाही. पण झाकलेली ठेवू नका. उभी सायकल आपल्याकडे टिकत नाही, भाऊ. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं जातो आणि टिनाखालच्या कोठ्यात त्याहून जास्त होतं. हवा गेलेला टायर सायकलीचं वजन घेऊन एकाच जागी दाबला जातो, तिथं त्याच्या बाजूला बारीक चिरा पडतात. हबमधलं, म्हणजे चाकाच्या मधल्या आसाभोवतीचं, ग्रीस सुकून मेणासारखं घट्ट होतं. शिवाय ती गुरांच्या कोठ्यात आहे. गोमूत्रातून सुटणारा अमोनिया पितळ खातो, आणि स्पोक रिमला धरणारे निपल पितळी असतात. शेजारी खताची पोती ठेवत असाल तर ती दमट हवेत पाणी धरतात आणि त्या पाण्यानं लोखंड गंजतं. तुम्ही कापड टाकून जिला जपलं असं समजता, ती त्या कापडाखाली रोज थोडी थोडी जात आहे. वडिलांनी ती जपली ती चालवून, आठवड्याला दोन थेंब तेल सोडून. तसंच करा.

काळी २४ इंची म्हणजे पांदणीची आणि ओझ्याची सायकल. या जुन्या घडणीच्या सायकलीला पुढच्या चाकात ३२ आणि मागच्या चाकात ४० स्पोक असतात. मागं ८ जास्त, कारण भार मागं येतो. दोन चाकांत जास्त अंतर, पुढच्या चाकाचा चिमटा मागं झुकलेला, रुंद सीट, त्यामुळं दगडधोंड्यावर ती हायब्रिडपेक्षा शांत चालते. फवारणीचा पंप, दुधाची कॅन, बियाण्याची पिशवी तिच्या कॅरियरवर निमूट बसते, कारण ते कॅरियर त्यासाठीच केलेलं असतं. वजन २० किलोच्या आसपास म्हणून चढाला जड जाते, हे खरं. त्यावर एक स्वस्तातला उपाय आहे. मागचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकाचं दातेरी चक्र, १८ दात्यांचं असेल तर २० चं बसवा. पायडल दहाव्या हिश्शानं हलकं होतं, वेग तेवढा कमी होतो, पण पांदणीत वेग कुणाला हवा आहे? दात वाढले की चेन एखादी कडी तोकडी पडू शकते, तेवढं बघून घ्या.

भाग मिळण्याची चिंता सोडा. ॲटलसचा कारखाना सोनीपतला १९५१ मध्ये सुरू झाला, आणि साहिबाबादचा त्यांचा कारखाना ३ जून २०२० ला थांबला. नेमका जागतिक सायकल दिनी, त्यामुळं ती बातमी पुष्कळ जणांच्या जिवाला लागली. पण काळ्या सायकलीची घडण कुण्या एका कंपनीची नव्हतीच. ॲटलस, हिरो, हर्क्युलिस, एव्हन, सगळ्यांनी जुन्या इंग्रजी रोडस्टरचा तोच साचा वापरला. चाक तेच, कॉटर पिन तीच, कोन-छर्रे तेच, ब्रेकच्या सळ्या तशाच. भाग लुधियानाकडून येतात आणि आठवडी बाजारात पाल टाकून बसणाऱ्या सायकलवाल्याकडेही मिळतात. फ्रेमवर कंपनीचा बिल्ला कोणाचा, यानं काही अडत नाही. उलट रेसिंगची ट्यूब फुटली तर तुम्हाला अमरावती किंवा नागपूर गाठावं लागेल.

तिला बाहेर काढाल तेव्हा आधी फ्रेम बघा. सीट काढून नळीत बॅटरी मारा, आत गंजाचे पापुद्रे सुटलेत का ते दिसेल. हँडलखालचा सांधा, पायडलच्या आसाभोवतीचा भाग, चिमट्याची मुळं, इथं रंगात केसासारखी रेघ दिसली तर नखानं खरवडा. रंगाची चीर वेगळी आणि लोखंडाची वेगळी, नख अडकलं की कळतं. लोखंडाची असली तरी घाबरू नका, गॅस वेल्डिंगवाला पितळ भरून सांधा जोडून देतो. ही सोय ॲल्युमिनियमच्या फ्रेमला नाही. ते जोडायला वेगळी मशीन लागते, आणि तापलेला सांधा नंतर नरम राहतो. मग दोन्ही हब, पायडलचा आस आणि हँडलचा कप खोलून, छर्रे नवे घालून, ग्रीस भरून घ्या. दोन टायर, दोन ट्यूब नव्या. रिम आणि स्पोक बदलायची घाई नको, मिस्त्री म्हणाला तरी आधी निपल फिरतात का ते बघायला सांगा. रंग मात्र देऊ नका. वडिलांच्या हाताच्या घासलेल्या खुणा आहेत, त्या राहू द्या.

पावसाचं एक सांगून ठेवते, कारण इतकी वर्षं ती उभी आहे. रॉड ब्रेकचं रबर रिमला आतून लागतं आणि रिम लोखंडी, चकचकीत. ओली झाली की ब्रेक उशिरा धरतो. उतारावर आधीपासून दाबून धरत यायचं. आणि आषाढातल्या काळ्या मातीपुढं कोणतीच सायकल चालत नाही. मडगार्डमध्ये चिखल भरला की चाक फिरतच नाही. त्या महिन्यात वावरात पायीच जायचं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

हायब्रिड ठेवायची, त्यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही. रोज १८ किलोमीटरच्या कामाला तीच योग्य. तिच्यात हवा असते, यातच सगळं आलं. फक्त चेन मोजा. पट्टी लावून एका पिनेपासून पुढची २४ वी पिन मोजली तर नव्या चेनीत ते अंतर बरोबर १२ इंच येतं. तेच १२ आणि १/८ इंचापर्यंत गेलं की चेन संपली. गिअरच्या सायकलीत त्याआधीच बदलावी, नाहीतर ती मागचे दातेही घेऊन जाते आणि खर्च तिपटीचा होतो.

आता जाड टायरवाली. तिच्यात हवा आहे, म्हणजे कुणीतरी चालवतं. माझा अंदाज, मुलगा. तरी मी म्हणते ती जाऊ द्या. स्वस्तातल्या सायकलीचं मागचं सस्पेन्शन म्हणजे प्रत्येक पायडलला खालीवर होणारी एक स्प्रिंग. पायातलं बळ चाकापर्यंत जाण्याआधी थोडं ती खाते. तिचा सांधा काही दिवसांनी झिजून मागचं चाक डुगडुगतं, आणि तो भाग कुण्या दुकानात नीट मापाचा मिळत नाही. तिला कॅरियर धड बसत नाही, पूर्ण मडगार्ड बसत नाही. म्हणजे ओझं नेता येत नाही आणि पावसात पाठीवर चिखलाचा पट्टा उठतो. दिसायला दमदार आहे, पोरांना आवडते, ते मी समजते.

पण हे मुलावर लादू नका. १५ वर्षांचा आहे. गिअरची मोटरसायकल चालवायला त्याला १८ पुरी व्हावी लागतील, तोवर तीन वर्षं त्याचे पाय सायकलीवरच आहेत. त्याला सोबत बसवून ही यादी करा. आजोबांच्या सायकलीचा आडवा दांडा टांगेत घेऊन दोन्ही तळवे जमिनीला टेकतात का, ते त्याला करून बघू द्या. टेकत असतील तर वावरात जाताना ती त्याच्या हाती द्या. तुम्ही ज्या सायकलीला कुणाला हात लावू देत नाही, ती नातवानं चालवली तर वडिलांना आवडलं नसतं का? हायब्रिडही संध्याकाळी रिकामीच असते. आणि तरीही त्याला स्वतःचीच हवी असेल तर जाड टायरवाली आणि २० इंची अशा दोन्ही देऊन बदल्यात एक साधी, पुढंमागं काही न हलणारी, मडगार्ड-कॅरियरवाली घ्या. मग ओसरीवर चार होतील, आणि त्या चौथीसाठी वहिनींची परवानगी तुम्हालाच काढावी लागेल. मी त्यांच्या बाजूची आहे.

रेसिंगबद्दल तुम्ही विचारलंत की महागाची म्हणून काढू का नको. काढा. बोटभर रुंदीचे टायर आणि आपल्याकडचे रस्ते, कडेला बाभळी, आणि पावसाळा सरला की रस्त्याच्या कडेनं पसरलेले सराटे. बाभळीचा काटा जाड टायरमध्येही शिरतो, पण बारीक टायरात हवेचा दाब दुपटीनं असतो आणि रबर पातळ, तिथं तो हमखास आत जातो. तिचा वॉल्व्हही वेगळा, बारीक, टोकावरचा बारीक नट सैल केल्याशिवाय हवा न घेणारा. गावातल्या पंपाला तो बसत नाही. त्याला एक पितळी जोड मिळतो, ती गोष्ट निराळी, पण मग त्या सायकलीसाठी वेगळी ट्यूब, वेगळा जोड, वेगळा मिस्त्री. आणि ५२ व्या वर्षी इतकं वाकून चालवायची तुमची इच्छा असती तर तिच्यात हवा असती.

मावसभावाला आधी फोन करा. दिलेली वस्तू विकण्यात कमीपणा नाही, पण त्याला दुसऱ्याकडून कळू नये. तो परत मागणार नसेल तर अमरावती किंवा नागपूरला सकाळी गटानं सायकल चालवणारे लोक आहेत, त्यांच्यात ती हातोहात जाईल आणि खरोखर चालेल. गावातल्या एखाद्या होतकरू पोराला फुकट देण्याचा मोह होईल, तो आवरा. पहिल्या पंक्चरला त्याची ती सायकल उभी राहील आणि त्याला ट्यूब आणायला नागपूरला जाणं परवडणार नाही. जे पैसे येतील त्यातून वडिलांच्या सायकलीचं सगळं काम आणि लेडीजचे टायर होऊन जातील.

मापाचं बोलते, कारण सायकली जमवणाऱ्यांचं घर याच ठिकाणी अडगळीनं भरतं. टायरच्या बाजूला आकडे असतात ते वाचा. ४७-५५९ असं असेल तर पहिला आकडा टायरची रुंदी आणि दुसरा तो रिमवर जिथं बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. हा दुसरा आकडा जुळला तरच टायर बसतो. २६×१.७५ आणि २६×१ ३/८ दोन्हींना दुकानात २६ च म्हणतात, पण पहिल्याचा व्यास ५५९ आणि दुसऱ्याचा ५९०. एकाचा दुसऱ्याला कधीच बसणार नाही. तुमच्या काळ्या सायकलीचं २४ इंच हे फ्रेमचं माप, तिचा टायर २८×१ १/२ म्हणजे ६३५. हायब्रिड आणि रेसिंगचा ७०० सी म्हणजे ६२२, आणि तोही २८ इंची नावानं विकतात. एवढ्या सगळ्यांच्या ट्यूब घरात ठेवायच्या म्हटल्या तर त्यांचंच एक कपाट भरेल. मी सांगितल्या तशा तीन राहिल्या तर तीनच मापं. लेडीजचं टायर वाचून नक्की करा, त्या दोन २६ पैकी ते कोणतंही असू शकतं. प्रत्येकीची एकेक ट्यूब, वॉलट्यूबचा म्हणजे वॉल्व्हवरच्या रबरी नळीचा तुकडा, सोल्युशन, पंप, बास.

उन्हात हवा वाढून ट्यूब फुटते म्हणून उन्हाळ्यात हवा कमी भरायची रीत आपल्याकडे आहे, ती सोडा. तापमान ३० अंशांनी वाढलं तरी आतला दाब साधारण दहाव्या हिश्शानंच वाढतो. फुटते ती जुना टायर चिरल्यामुळं, किंवा पंक्चरचं ठिगळ उन्हानं सुटल्यामुळं. कमी हवेनं उलट टायर रिमवर दबतो, खड्ड्यात ट्यूब चिमटते आणि दोन समांतर चिरा पडतात. टायरवर छापलेल्या मर्यादेत राहून घट्ट भरा आणि सायकल सावलीत उभी करा.

२० इंचीचं काय, हे तुम्हालाही ठाऊक आहे. गावात सात-आठ वर्षांचं लेकरू असलेलं घर शोधा, ब्रेक आणि पायडल नीट करून द्या.

राहिली फ्रेम. तिच्यावर तुमचा जीव आहे, कारण ती तुमच्या मनात पूर्ण झालेली सायकल आहे. पण ती पूर्ण करायला रिम, स्पोक, टायर, चेन, सीट, ब्रेक सगळंच आणावं लागेल, आणि त्या पैशात चांगली जुनी चालती सायकल मिळते. मी सांगते तसं करा: तिच्यावर चाकं, हब, ब्रेकच्या सळ्या, पायडलचा आस असं काही असेल तर ते सोडवून वडिलांच्या सायकलीसाठी ठेवा. ब्रेकच्या सळ्या विशेष जपा, वाकलेली सळी सरळ करण्यापेक्षा दुसरी असणं बरं. एका रिकाम्या तेलाच्या डब्यात मावेल तेवढंच सामान ठेवायचं, डबा भरला की पुढं काही घ्यायचं नाही. नुसत्या नळ्या भंगारात द्या. वजनावर आली होती, वजनावर जाईल.

ज्या कुणाला द्याल, विका किंवा फुकट द्या, त्याला एक कागद लिहून द्या. सायकलीला आरसी नसते, त्यामुळं उद्या कुणी अडवलं तर घेणाऱ्याकडे दाखवायला काही नसतं. पायडलच्या आसाखाली किंवा सीटच्या नळीवर फ्रेम नंबर ठोकलेला असतो, तो घासून वाचा, कागदावर घाला, तारीख आणि दोघांच्या सह्या. ठेवायच्या तिघींचेही नंबर एका वहीत लिहून ठेवा.

कोठा पाडायला माणसं येण्याआधी हे उरकायचं असेल तर क्रम असा ठेवा: आधी मुलीला फोन, मग मावसभावाला, मग वडिलांची सायकल मिस्त्रीकडे. ते काम वेळखाऊ आहे आणि पेरणीच्या तोंडावर मिस्त्री हाती लागत नाही. मुलगी सायकल अमरावतीला नेते म्हणाली तर वहिनींच्या उंचीचा आकडा मला लिहून कळवा. त्यांच्यासाठी कोणत्या मापाची घ्यायची ते मी सांगते, आणि रेसिंगच्या पैशात ती बसेल.